सिस्टर, मला कसंतरी होतंय

हातात एक कार्ड येतं. रुग्ण कोण, त्याला काय झालंय आणि नर्सनं त्याच्याशी कशाबद्दल बोलायचं आहे, हे त्यावर इंग्रजीत थोडक्यात लिहिलेलं असतं. समजा, ७४ वर्षांच्या बाई आहेत. पडून मनगट मोडलंय, घरी एकट्याच राहतात आणि ‘मला कुणाची मदत नको’ म्हणून हटून बसल्या आहेत. कार्ड वाचायला दोन-तीन मिनिटं मिळतात, मग पाच मिनिटांचा संवाद. समोरची व्यक्ती रुग्णाची भूमिका करते, परीक्षार्थी नर्सची. बोलणं रेकॉर्ड होतं आणि गुण देणारे परीक्षक ते दुसरीकडे बसून ऐकतात. असे दोन संवाद झाले की बोलण्याची परीक्षा संपते.

या परीक्षेचं नाव ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. नर्सेस तिला ‘ओईटी’ म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, परदेशातून आलेल्या डॉक्टर-नर्सेससाठी तिची आजची घडण झाली. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलनं ती २०१७च्या शेवटी मान्य केली. तोवर तिकडे जाऊ पाहणाऱ्या नर्सला १९८९ साली सुरू झालेली ‘आयईएलटीएस’ द्यावी लागे. तिच्यात पर्यटनापासून तंत्रज्ञानापर्यंत कशावरही निबंध लिहायला येतो. ओईटीत निबंध नाही, त्याऐवजी रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवताना लिहायचं पत्र असतं. वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत ‘बी’ श्रेणी हवी, लेखनात ‘सी प्लस’ चालते.

या परीक्षेत इंग्रजीचा एक असा भाग तपासला जातो, जो आपल्याकडे कुठल्याच इयत्तेत शिकवला जात नाही. तो म्हणजे आजारी माणसाची इंग्रजी.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचा कर्नाटक इथले रुग्ण मिरजेची वाट धरतात. साहजिकच या भागात नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत. सांगली-मिरज रस्त्यालगत अशा मुलींसाठी इंग्रजीचा एक छोटा वर्ग चालतो. मी तिथं गेले ती ‘स्पोकन इंग्लिश’बद्दल लिहायचं म्हणून. पहिल्याच संध्याकाळी विषयाचं तोंड दुसरीकडे वळलं.

वर्गात बहुतेकजणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आहेत. कुणी जतची, कुणी शिरोळची, कुणी कवठेमहांकाळची. पुढचं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग इंग्रजीतून झालेलं. खासगी रुग्णालयात नोकरी आहे. काही नाइट ड्यूटी उतरून, थोडं झोपून येतात, काहींना वर्ग संपल्यावर थेट ड्यूटीवर जायचं असतं. शिकवणाऱ्या बाई स्वतः काही वर्षं इंग्लंडमधल्या वॉर्डात काम करून परतलेल्या आहेत. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले: टॅकिकार्डिया, डिस्निया, इडिमा, हेमॅच्युरिया. मुलींनी भराभर अर्थ सांगितले, कारणं सांगितली, कशासोबत काय दिसतं तेही सांगितलं. मग बाईंनी त्याच फळ्यावर शेजारी दुसरे शब्द लिहिले: वूझी, क्लॅमी, पफी, क्वीझी, सोअर. वर्ग गप्प झाला. ‘सोअर’ एकीला माहीत होता, तोही ‘सोअर थ्रोट’मुळे.

डिस्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण रुग्ण कधीच ‘मला डिस्निया आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आय कान्ट कॅच माय ब्रेथ’. किंवा जिना चढून आल्यावर ‘आय’म पफ्ड’. अंगाला गार, चिकट घाम सुटला असेल तर ‘क्लॅमी’. हा शब्द कळला नाही तर हृदयविकाराची किंवा साखर उतरल्याची खूण नजरेतून निसटू शकते.

हे असं उलटं का झालं, याचं कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालय, श्रीमंतांची घरं फ्रेंच बोलू लागली. विद्येची आणि धर्माची भाषा लॅटिन होतीच. मूळची इंग्रजी उरली स्वयंपाकघरात, शेतात, बाळंतिणीच्या खोलीत. पुढे इंग्रजीनं डोकं वर काढलं तेव्हा तिच्यात असे दोन थर पडलेले होते. वैद्यकाचे शब्द लॅटिन-ग्रीक थरातले, आणि दुखणं-खुपणं सांगायचे शब्द बहुतांशी घरातल्या थरातले. लॅटिन-ग्रीक शब्द लांबलचक असतात, पण सरळ असतात. एका शब्दाचा एक अर्थ, जगभर तोच. पाठ केला की झाला आपला. घरातले शब्द दोन-चार अक्षरांचे, पण एकेकाची डझनावारी कामं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची आवृत्ती पाहिली तर त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या इवल्याशा शब्दाची आहे. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर ‘रन’नं त्याला मागे टाकलं. त्याच्या एकट्या क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदले गेले आहेत. आपली मुलं इंग्रजी शिकतात ती पुस्तकातून, म्हणजे बव्हंशी वरच्या थरातून. ज्या भाषेत इंग्रज आई मुलाचं नाक पुसते, ती भाषा त्यांच्या वाट्याला येतच नाही.

सगळ्यांत जास्त अडतं ते क्रियापदाला चिकटून येणाऱ्या अप, डाउन, ऑफ, आउट या शब्दांपाशी. ‘थ्रो’ माहीत, ‘अप’ही माहीत, पण ‘थ्रो अप’ म्हणजे ओकणं, हे दोन्ही शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. ‘ब्रिंग अप’ म्हणजे खोकून कफ काढणं. तेच मुलांच्या बाबतीत वाढवणं आणि बैठकीत विषय काढणं. भूल उतरली की औषधाचा असर ‘वेअर ऑफ’ होतो आणि रुग्ण ‘कम राउंड’ होतो. एका मुलाखतीचा किस्सा बाई दरवर्षी नव्या मुलींना सांगतात. उमेदवार अभिमानानं म्हणाली की मी २०१६ साली ‘पास आउट’ झाले. आपल्याकडे याचा अर्थ पदवी मिळाली. समोरच्या इंग्रज मेट्रननं काळजीच्या सुरात विचारलं, ‘आता बरी आहेस ना?’ तिकडे लष्करी शाळांच्या बाहेर ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं.

‘सिक’ हा शब्द तर खरा घातक. सिक लीव्ह आपण सगळेच घेतो, त्यामुळे ‘सिक’ म्हणजे आजारी, हे डोक्यात पक्कं असतं. पण ब्रिटिश रुग्ण ‘आय फील सिक’ म्हणाला तर त्याला मळमळतंय, आणि ‘आय’व्ह बीन सिक ट्वाइस’ म्हणाला तर त्याला दोनदा उलटी झाली आहे. नोंदवहीत ‘दोनदा आजारी पडला’ असं गेलं, तर पुढच्या पाळीच्या डॉक्टरपर्यंत चुकीची गोष्ट पोचते.

आपल्याकडचे इंग्रजीचे वर्ग या बाबतीत काय देतात, ते मी मुद्दाम पाहिलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत ‘वाक्प्रचार व म्हणी’ची पुस्तकं ढिगानं मिळतात, कारण स्पर्धा परीक्षांत त्यावर प्रश्न असतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ प्रत्येकात आहे. इंग्लंडमध्ये पाऊस भरपूर पडतो, पण त्या मांजरी-कुत्र्यांचं नाव तिथं क्वचितच कुणी घेतं. याउलट ‘बेअर विथ मी’ हे काउंटरवर, फोनवर, वॉर्डात सतत कानावर पडतं. जरा थांबा, मी बघते, एवढाच त्याचा अर्थ. बरं वाटू लागलेला रुग्ण ‘ऑन द मेंड’ असतो, जगेल की नाही सांगता येत नाही तो ‘टच अँड गो’. नेहमीसारखं वाटत नसलेला माणूस म्हणतो, ‘आय’म नॉट मायसेल्फ’. या वाक्प्रचारांत रंगीत चित्र नाही, म्हणून ते पुस्तकांत येत नाहीत. परीक्षेसाठी पाठ केलेले शेकडो वाक्प्रचार आणि रोजच्या कामाला लागणारे पन्नास, यांत निवड करायची तर मी डोळे मिटून पन्नास घेईन.

असे शब्द पकडायला साधा कोश पुरत नाही, हे फार पूर्वी एका शिक्षकाच्या लक्षात आलं होतं. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली इंग्रजी शिकवायला जपानला गेले. तिथं हॅरल्ड पामर यांच्यासोबत काम करताना त्यांना दिसलं की विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ माहीत असतो, तरी वाक्य चुकतं. शब्द कुणाच्या सोबतीनं येतो, त्याच्यामागे काय लागतं, हे कोश सांगतच नव्हता. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला, जपान आणि ब्रिटन यांचं युद्ध चालू असताना. १९४८मध्ये ऑक्सफर्डनं तोच पुन्हा छापला, आणि आज आपल्या घराघरांत दिसणारा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ त्याचाच वंशज. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली ‘कोबिल्ड’ नावाचा कोश तयार झाला. त्यानं तर संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या लिखाणातून आणि बोलण्यातून उदाहरणं घेतली आणि प्रत्येक अर्थ पूर्ण वाक्यात सांगितला. इंग्रजी बोलणारा माणूस शब्द जोडून वाक्य करत नाही, त्याच्या तोंडी तयार जुडगीच असतात, हा सिंक्लेअर यांचा सिद्धांत. मिरजेच्या वर्गात हा सिद्धांत कुणी वाचलेला नाही, पण बाई शिकवतात ते त्याच वाटेनं. सुटा शब्द त्या लिहूच देत नाहीत.

मराठी मुलीनं अशी घरातली इंग्रजी कमावल्याचं मोठं उदाहरण आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, त्यांच्या इंग्रजीबद्दल फारसं नाही. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बदल्यांमागून बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. या धावपळीत नवऱ्याच्या करड्या शिस्तीत त्यांचं इंग्रजी सुरू झालं. पण त्या इंग्रजीत जीव आला तो पत्रांमुळे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कारपेंटर एका दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना एक मिशनरी मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलेलं होतं. त्यांनी १८८० साली भारतात पत्र धाडलं. त्यानंतर पंधरा वर्षांची आनंदी आणि सातासमुद्रापलीकडची ही बाई वर्षानुवर्षं एकमेकींना लिहीत राहिल्या. रीतिरिवाज, सणवार, प्रकृती, घरातल्या काळज्या, सगळं त्यात होतं. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी आपण अमेरिकेला का जाणार, हे भरसभेत इंग्रजीतून सांगितलं. तेव्हा त्यांना १८वं वर्ष पुरं व्हायचं होतं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियातलं वैद्यकीय कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. तो उन्हाळा त्यांनी रोझेलला, मावशीच्या घरात काढला. मला या उन्हाळ्याचं महत्त्व फार वाटतं. वैद्यकाची इंग्रजी फिलाडेल्फियात शिकायची होतीच. त्याआधी त्या एका इंग्रजी बोलणाऱ्या घरात राहिल्या, जिथं मुलं होती, जेवणं होती, रुसवे-फुगवे होते. १८८६ साली एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तोही प्रसूतीचा, म्हणजे अशा कामाचा, ज्यात बाईला बाईशी बोलावंच लागतं. मिरजेच्या मुलींना रोझेलची मावशी मिळत नाही. त्यांना ती घरातली इंग्रजी दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं आणावी लागते.

त्या वाटेवरची पहिली अडचण सौजन्याची. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘बसा’, ‘हात पुढे करा’, ‘गोळी घ्या’ यात आणखी काही घालायची गरज पडत नाही, ‘कृपया’ म्हटलं तर उलट सरकारी पाटीसारखं वाटतं. हेच इंग्रजीत जसंच्या तसं गेलं की ‘सिट’, ‘शो युअर हँड’, ‘टेक टॅब्लेट’ होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं ही सिस्टर चिडली आहे. मनात काडीचा राग नसताना केवळ वाक्याच्या ठेवणीमुळे एखाद्या मायाळू मुलीवर उर्मटपणाचा शिक्का बसावा, याचं मला फार वाईट वाटतं. तिकडच्या नर्सेस बोलतात तशी वाक्यं बाई घोटून घेतात. ‘कुड यू पॉप अप ऑन द बेड फॉर मी?’ ‘वुड यू माइंड रोलिंग अप युअर स्लीव्ह?’ या ‘पॉप’ आणि ‘फॉर मी’मध्ये सगळा मऊपणा आहे. सुई टोचण्याआधी तिथं ठरलेले दोन शब्द म्हणतात: ‘शार्प स्क्रॅच’. आपल्याकडे म्हणतात ‘मुंगी चावल्यासारखं होईल हां’. दोन्हीकडे हेतू तोच.

दुसरी अडचण हाकेची. आपल्याकडे म्हातारी बाई दिसली की ‘आजी’, मध्यम वयाची ‘मावशी’ किंवा ‘काकू’, पुरुष ‘काका’ किंवा ‘बाबा’. या हाकांनी निम्मं काम होतं. ब्रिटनमध्ये नोंदणी होण्याआधी नर्सला प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. त्यात पहिल्या काही वाक्यांतच रुग्णाची ओळख पटवून त्याला विचारायचं असतं की तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल. ७४ वर्षांच्या बाईला ‘मार्गारेट’ म्हणायचं, हे आमच्या मुलींच्या जिभेला जड जातं. एकजण म्हणाली की नाव घेताना तिचा आवाज आपोआप खाली जातो. बाईंनी तिला थांबवलं नाही. आवाज खाली गेला तर चांगलंच, नाव तेवढं स्पष्ट घे, असं सांगितलं.

मग वेळ आणि जेवण. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसहा की साडेसात? ब्रिटनमध्ये साडेसात. पण पहिल्यांदा ऐकणारीचा गोंधळ होतोच, आणि औषधाच्या वेळेत तासाचा फरक पडणं साधी गोष्ट नाही. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात पुष्कळ घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि ‘डिनर’ म्हणजे दुपारचं. मधुमेहाचा रुग्ण म्हणाला की मी इन्शुलिन ‘टी’च्या आधी घेतो, तर तो चार वाजताच्या चहाबद्दल बोलत नसतो. स्कॉटलंडात फिकट पडलेल्या माणसाला ‘पीली-वॉली’ म्हणतात. ‘वी’ म्हणजे तिथं छोटं, आणि सगळ्या ब्रिटनमध्ये लघवीही. यॉर्कशरचा म्हातारा ‘आय’व्ह बीन बॅडली’ म्हणाला तर तो आजारी होता, वाईट वागला नव्हता. हे सगळं कुणी आधी शिकून जाऊ शकत नाही. पण असं काहीतरी असतं, एवढं ठाऊक असलं की विचारायला संकोच वाटत नाही.

जुन्या पिढीतले इंग्रज दुखणं कमी करून सांगतात, हीसुद्धा भाषाच. ‘इट’स अ बिट सोअर’ म्हणताना चेहरा पांढराफटक पडलेला असतो. ‘आय डोन्ट वॉन्ट टु बी अ बॉदर’ म्हणत रात्रभर बेल न दाबणारे असतात. आपल्याकडच्या आज्याही लेकीला ‘बरी आहे गं’ म्हणत ताप अंगावर काढतात. त्यामुळे हा स्वभाव मुलींना लगेच उमगला, फक्त त्याचे शब्द हवे होते.

याच जागी बाईंनी त्यांचा सर्वांत उपयोगी धडा बसवला आहे. प्रत्येकीनं एक वही करायची. आपल्या वॉर्डात मराठी रुग्ण दुखणं ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द जसेच्या तसे, गावाकडच्या उच्चारासकट, त्यात उतरवायचे. अर्थ लिहायचा नाही. मी अशा काही वह्या पाहिल्या आणि थक्क झाले. ठणका, ठसठस, कळ, चमक, सल, मुरडा, चुरचुर, आग, झिणझिण्या, रग, ओढ, उसण. अंग मोडून आलंय. पोटात कालवतंय. जीव वर-खाली होतोय. डोळ्यांपुढे अंधारी आली. घशाला कोरड पडलीय. छातीवर कुणी बसल्यागत वाटतंय. पायात गोळे येतात. या मुली रोज हे ऐकतात, त्यावरून डॉक्टरला काय सांगायचं ते ठरवतात, आणि तरीही ‘मला भाषा येत नाही’ म्हणतात.

दुखण्याचे शब्द किती कामाचे असतात, हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्ण वापरतात असे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. थ्रॉबिंग, शूटिंग, स्टॅबिंग, क्रॅम्पिंग, बर्निंग, टिंगलिंग. वेदना किती आहे एवढंच विचारून भागत नाही, ती कशी आहे हेही विचारावं लागतं, कारण जळजळ आणि झिणझिण्या मज्जातंतूकडे बोट दाखवतात, राहून-राहून येणारा मुरडा आतड्याकडे, छाती आवळल्यासारखं वाटणं हृदयाकडे. वहीतल्या मराठी शब्दांसमोर मुली आता हे शब्द लावू लागल्या. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. चमक म्हणजे शूटिंग पेन. पायाला मुंग्या आल्या म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’. उसण भरली म्हणजे ‘आय’व्ह पुल्ड अ मसल’. अंग मोडून आलं म्हणजे ‘आय’म एकिंग ऑल ओव्हर’.

‘कसंतरी होतंय’पाशी वर्ग बराच वेळ अडला. हे वाक्य प्रत्येक वहीत होतं. त्याचं इंग्रजी कुणालाच सापडेना, कारण त्यात नेमकं काहीच नाही आणि तरी सगळं आहे. बाईंनी सांगितलं, तिकडचे रुग्ण म्हणतात ‘आय केम ओव्हर ऑल फनी’. ‘फनी’चा हसण्याशी इथं काही संबंध नाही. दोन्ही वाक्यांनंतर नर्सनं एकच काम करायचं असतं: रुग्णाला बसवायचं, नाडी पाहायची, रक्तदाब आणि साखर तपासायची.

काही शब्दांना जोडीदार मिळाला नाही. ‘उष्णता झाली’, ‘बाधलं’, ‘नजर लागली’ वहीतच राहिले. ‘पित्त झालं’ही तसंच राहील असं वाटलं होतं, पण वयस्क इंग्रजांच्या तोंडी ‘बिलियस’ हा शब्द अजून आहे. बाइल म्हणजे पित्तच. युरोपातल्या जुन्या वैद्यकातही पित्ताला आपल्याइतकाच मान होता. पोटात वायू धरला त्याला ते ‘ट्रॅप्ड विंड’ म्हणतात. हे ऐकून मुली खुलल्या. परक्या देशातली म्हातारी माणसं आपल्याच आजी-आजोबांसारखं बोलतात, ही गोष्ट त्यांची भीती जेवढी घालवते, तेवढी व्याकरणाची कुठलीच पाठमाला घालवू शकत नाही.

व्याकरण महत्त्वाचं नाही, असं मला म्हणायचं नाही. मराठीत ‘मला ताप आलाय’, ‘मला भूक लागलीय’. आजार आपल्याकडे चालत येतो, लागतो, होतो. इंग्रजीत तो माणसाजवळ असतो किंवा माणूसच तसा असतो: ‘आय’व्ह गॉट अ टेम्परेचर’, ‘आय’म हंग्री’. ही घडी बसायला वेळ लागतो. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते गळतात. पत्र लिहिताना हे नडतं आणि लेखनात अर्ध्या श्रेणीसाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची फी बरीच असते. इथल्या खासगी रुग्णालयातल्या नर्सच्या पगारातून ती परतपरत भरणं ही चैन नाही, ओझं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. या वर्गातल्या बहुतेकजणी त्या निर्णयानंतर शाळेत गेलेल्या. बारा वर्षं इंग्रजी हा विषय शिकून, पुढची तीन-चार वर्षं इंग्रजी माध्यमात काढूनही त्यांना ‘सोअर’ आणि ‘नम्ब’ बाहेरच्या वर्गात फी भरून शिकावं लागतं, हे मला पटत नाही. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला रुग्णाच्या बोलीचा एक तास ठेवणं अवघड नाही. त्याचा फायदा परदेशी न जाणाऱ्या मुलींनाही होईल, कारण मराठी रुग्णाची ठसठस इंग्रजी केसपेपरवर उतरवताना आजही सगळ्या वेदना एकाच ‘पेन’मध्ये जमा होतात. ठणका होता की मुरडा, ते कागदावर येतच नाही.

या वर्गातून गेलेली एक मुलगी लीड्समधल्या रुग्णालयात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. नवं काही कानावर पडलं की ती वर्गाच्या ग्रुपवर आवाजात पाठवते. मी तिथं होते त्या संध्याकाळी तिचं नवं वाक्य आलं होतं: ‘आय’म अ मार्टर टु माय नीज’. मार्टर म्हणजे हुतात्मा, एवढं सगळ्यांना माहीत. गुडघ्यांसाठी हुतात्मा? शिरोळची मुलगी म्हणाली, ऑपरेशन करून घ्यायला तयार असेल. जतची म्हणाली, गुडघे टेकून प्रार्थना करत असेल. मागच्या बाकावरून एकीनं हळूच विचारलं की आमच्या वॉर्डातल्या आजी म्हणतात तसं तर नाही, ‘गुडघ्यांनी जीव नको केलाय’? बाईंनी मान डोलावली. वह्या उघडल्या गेल्या, आणि ते वाक्य ‘गुडघे धरलेत’ आणि ‘पायात जीव नाही’ यांच्या खाली लिहिलं गेलं. मग बाईंनी त्यावर नर्सनं काय उत्तर द्यायचं ते विचारलं, आणि कार्ड हातात नसतानाच संवाद सुरू झाला.